भावनांचे व्याकरण आणि शाळेची भाषा : भिवंडीच्या संदर्भात

१

वाचन, लेखन व गणित शिकविणे हे शाळेचे काम आहे, याविषयी कधी मतभेद झाला नाही. राग, भय, लाज, हेवा, दुःख यांची ओळख मुलाला करून देणे आणि त्यांच्याशी वागण्याची रीत त्याला शिकविणे हेही शाळेचे काम आहे की काय, याविषयी मात्र फार काळ संदिग्धता होती. हे काम घराचे, आजीच्या गोष्टींचे, कीर्तनाचे, सणावारांचे असे सामान्यतः मानले जाई. आणि शाळेत त्यातले जे काही होई, ते शिस्त या नावाखाली होई. आता ही संदिग्धता उरलेली नाही. पीटर सालोव्हे व जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची संकल्पना मांडली आणि १९९५ मध्ये डॅनिएल गोलमन यांच्या ग्रंथाने ती सर्वतोमुखी केली. त्याच दशकात जागतिक आरोग्य संघटनेने दहा जीवनकौशल्यांची यादी प्रसिद्ध केली. भावनांचे समायोजन व ताणतणावांचे समायोजन ही त्यांतली दोन होत. महाराष्ट्रातील शाळांत मूल्यशिक्षण आले, परिपाठ आला; २००९ मध्ये बीड जिल्ह्यात ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम सुरू झाला व पुढे तो राज्यभर पसरला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने व २०२२ च्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्याने सामाजिक-भावनिक विकासाला स्पष्ट स्थान दिले.

या प्रयत्नांची थट्टा करण्याचे कारण नाही. जोसेफ डुर्लाक व त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये अशा २१३ शालेय कार्यक्रमांचे निष्कर्ष एकत्र तपासले. त्यांत २,७०,००० हून अधिक विद्यार्थी समाविष्ट होते. अशा शिक्षणाने वर्तनात इष्ट फरक पडतो, इतकेच नव्हे तर अभ्यासातील प्रगतीतही सरासरी ११ शततमकांची भर पडते, असे त्यांना दिसून आले. तेव्हा हे शिक्षण उपयुक्त आहे की नाही हा आता मुख्य प्रश्न नाही. मुख्य प्रश्न वेगळाच आहे आणि तो भाषेच्या अभ्यासकाने विचारावयास हवा. हे शिक्षण कोणत्या भाषेत दिले जाते? येथे भाषा म्हणजे केवळ माध्यम अभिप्रेत नाही. कोणत्या शब्दांत, कोणत्या वाक्यरचनेत मुलाला त्याचे मन समजावून दिले जाते, असा हा प्रश्न आहे. भिवंडीसारख्या गावी, जेथे एका गल्लीतील मुले चार माध्यमांच्या शाळांत वाटली गेली आहेत, तेथे तर या प्रश्नाला शैक्षणिक महत्त्वाबरोबर सामाजिक महत्त्वही प्राप्त होते.

२

भावनिक शिक्षणाचे जे साहित्य मराठीत आज उपलब्ध आहे, त्याची दोन रूपे प्रामुख्याने दृष्टीस पडतात. एक रूप यादीचे आणि दुसरे तक्त्याचे.

यादीतील शब्द असे असतात : संवेदनशीलता, समानुभूती, स्व-जाणीव, भावनांचे समायोजन. हे शब्द अशुद्ध नाहीत. परिभाषा म्हणून ते शिक्षकाला उपयोगीही पडतील. परंतु ही सर्व नामे आहेत, आणि तीही भाववाचक. एखादे मूल संवेदनशीलता या शब्दाची फोड करू शकेल, त्याचा विरुद्धार्थी शब्दही सांगेल. मात्र शेजारच्या मुलाची पाटी फुटली तेव्हा स्वतःच्या पोटात जे कालवले, त्याचा आणि या शब्दाचा काही संबंध आहे, हे त्याला कळेलच असे नाही. यादीचा स्वभावच असा आहे की ती पाठ करता येते.

तक्त्यावर चार किंवा सहा चेहरे असतात. हसरा, रडका, रागीट, घाबरलेला. मुलाने आपला आजचा चेहरा निवडावयाचा व वाक्य पुरे करावयाचे : ‘मी दुःखी आहे’, ‘मी रागावलेला आहे’. ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत, पण ती मुलाची नाहीत. मराठी मूल ‘मला राग आलाय’ असे म्हणते, ‘मला रडू येतंय’ असे म्हणते. तक्त्यावरील वाक्याचा साचा इंग्रजीतून आला आहे. इंग्रजीत भावना ही कर्त्याची अवस्था म्हणून सांगण्याची रीत आहे, आणि तोच साचा मराठी शब्दांनी भरला गेला आहे.

चार चेहऱ्यांनी आणखी एक नुकसान होते. हिरमुसणे, खट्टू होणे, फुरंगटणे, कुढणे, धुमसणे, ओशाळणे, वरमणे, हुरहूर, रुखरुख, चुटपुट हे सर्व शब्द त्या चार चेहऱ्यांत कोठे बसवावयाचे? हिरमुसलेल्या मुलाची काही आशा नुकतीच मोडलेली असते. ओशाळलेल्या मुलाची काही चूक दुसऱ्याच्या नजरेस आलेली असते. रुखरुख लागते ती करावयाचे राहून गेलेल्या गोष्टीची. कुढणाऱ्याचे दुःख आत जाते, धुमसणाऱ्याचा राग बाहेर पडण्याची वाट पाहतो. यांतील प्रत्येक शब्दात एक लहानशी हकीकत दडलेली आहे : काय घडले, कोणासमोर घडले, पुढे काय होऊ शकते. रुसणे हा शब्द याचे उत्तम उदाहरण होय. राग परक्याचाही येतो. रुसावयाचे मात्र आपल्या माणसावर. ज्याने समजूत काढावी अशी अपेक्षा आहे, त्याच्यावरच मूल रुसते. रुसलेल्या मुलाने तक्त्यावरील रागीट चेहरा निवडला, तर त्याने स्वतःविषयी चुकीची माहिती दिली असे होईल. आणि ती चूक त्याची नसून तक्त्याची असेल.

३

शब्दसंग्रहाची उणीव भरून काढता येईल. तक्त्यावर आणखी चेहरे काढता येतील. परंतु वाक्यरचनेचा प्रश्न याहून खोल आहे.

मराठीत भावनेचा अनुभव घेणारी व्यक्ती बहुधा वाक्याचा कर्ता नसते. ‘मला राग आला’, ‘तिला भीती वाटली’, ‘त्याला लाज वाटते’, ‘बाळाला रडू फुटले’ या वाक्यांत राग, भीती, लाज, रडू हे प्रथमेत आहेत. क्रियापद त्यांच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. आणि व्यक्ती चतुर्थीत आहे. भावना येते, वाटते, फुटते, कोसळते. व्यक्ती ते सर्व ज्याच्याकडे येते असे एक ठिकाण असते. ही रचना आधुनिक नव्हे. रुचणे या अर्थाच्या धातूंच्या बाबतीत ज्याला रुचते त्याला पाणिनीने संप्रदान म्हटले आहे, तर भयाचे जे कारण त्याला अपादान म्हटले आहे. विकार आणि व्यक्ती यांचा संबंध कर्ता व क्रिया या संबंधाहून निराळा आहे, ही जाणीव भारतीय व्याकरणाला फार पूर्वीपासून आहे.

या रचनेचा एक विशेष शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय आहे. तिला आज्ञार्थ नाही. ‘बस’, ‘लिही’, ‘गप्प राहा’ असे म्हणता येते. ‘तुला आनंद वाट’ किंवा ‘तुला राग नको ये’ हे मराठी वाक्यच होत नाही. जी गोष्ट हुकमाने होत नाही, तिचा हुकूम करण्याची सोय भाषेने ठेवलेली नाही. मूल्यांच्या यादीतील ‘संवेदनशील व्हा’, ‘आनंदी राहा’ यांसारखी वाक्ये भाषेच्या या शहाणपणाला वळसा घालून पुढे जातात.

याचा अर्थ मराठी भाषा माणसाला विकारांच्या स्वाधीन करते असा मात्र नव्हे. ‘येणे’ या क्रियापदाने वाक्य सुरू होते. ते तेथेच थांबत नाही. राग आला, एवढ्यापर्यंत व्यक्ती चतुर्थीत आहे. त्यापुढे ती प्रथमेत येते आणि सकर्मक क्रियापदे सुरू होतात. राग गिळता येतो, आवरता येतो, मनात धरता येतो, सोडता येतो, दुसऱ्यावर काढता येतो. येथे माणूस कर्ता आहे आणि म्हणून जबाबदारही आहे. राग येणे हा अपराध नव्हे. तो धाकट्या भावावर काढणे हा अपराध आहे. भय वाटणे ही उणीव नव्हे. दुसऱ्याला भीती घालणे हा दोष आहे. भावना आणि भावनेतून होणारे वर्तन यांत भेद करावा, हा जो धडा आधुनिक मानसशास्त्र मोठ्या प्रयासाने शिकविते, तो मराठीच्या रोजच्या क्रियापदांत आधीच मांडलेला आहे. शिक्षकाने तो केवळ मुलाच्या नजरेस आणून द्यावयाचा आहे.

‘काढणे’ या एकाच क्रियापदाचे तीन उपयोग या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. राग काढणे म्हणजे आपले ओझे दुसऱ्यावर टाकणे. रुसवा काढणे म्हणजे दुसऱ्याचे ओझे आपण उतरविणे. आणि समजूत काढणे म्हणजे रडणाऱ्याला, हट्ट धरून बसलेल्याला शांत करणे. सांत्वनासाठी मराठीने योजलेला हा शब्द समजणे या धातूपासून आला आहे. मूल शांत होते ते त्याला काहीतरी समजले म्हणून, किंवा कोणाला तरी ते समजले म्हणून, असा या प्रयोगाचा आशय आहे. शाळेतील भावनिक शिक्षणाला याहून नेमके नाव सापडणे कठीण.

एक संदिग्धताही येथे नोंदविली पाहिजे. ‘रामाचा राग’ या शब्दसमूहाचे दोन अर्थ होतात : रामाला आलेला राग आणि रामाविषयी आलेला राग. ज्याचा राग येतो तो मराठीत षष्ठीत असतो, आणि ज्याच्याजवळ राग असतो तोही षष्ठीत. हा राग कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर प्रौढांनाही अनेकदा देता येत नाही. वर्गात हे दोन अर्थ वेगळे करून दाखविणे हा व्याकरणाचा पाठ आहे आणि त्याच वेळी मनाचाही.

४

शाळेने हे काम हाती घेण्यापूर्वी मराठी मुलांच्या भावनिक शिक्षणाचा जो ग्रंथ घरोघर वाचला जाई, तो म्हणजे साने गुरुजींचे ‘श्यामची आई’. १९३३ मध्ये, बहुतांशी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आजही पाठ्यपुस्तकांतील उताऱ्यांच्या रूपाने मुलांपर्यंत पोचते. त्यातील भावविवशतेवर टीका पुष्कळ झाली आहे. तिची पुनरुक्ती येथे अभिप्रेत नाही. त्या पुस्तकाची शिकविण्याची रीत काय आहे, एवढेच पाहावयाचे आहे.

पोहण्याच्या प्रसंगात श्यामला विहिरीत उडी टाकण्याची भीती वाटते व तो लपून बसतो. आई त्याला फोकाने मारून पोहावयास पाठविते. तो पोहून परत येतो, तेव्हा त्याच्या अंगावरील वळ पाहून तिचेच मन भरून येते. आणि लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हणू नये म्हणून आपण मारले, हे ती त्याला सांगते. यातील मार आज कोणत्याही शिक्षकाला अनुकरणीय म्हणता येणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना शाळेत मनाई केली आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु प्रसंगाची घडण ध्यानात घेतली पाहिजे. धैर्य या गुणाची व्याख्या आई कोठेही देत नाही. प्रथम प्रसंग घडतो, त्यानंतर अवकाश जातो, मग मायेचा हात फिरतो आणि सर्वांत शेवटी समजूत काढली जाते. शिवाय ही सारी हकीकत प्रौढ श्याम पुढे अनेक वर्षांनी आपल्या सोबत्यांना रात्री सांगत आहे. एकूण ४२ रात्रींची ही कथनमाला आहे. भावना त्या क्षणी समजत नाही. ती नंतर, कोणाला तरी सांगताना समजते, हे तत्त्व पुस्तकाच्या रचनेतच आहे.

पाठ्यपुस्तकात हा उतारा आला की त्याखाली प्रश्न येतो : या पाठातून कोणता बोध मिळतो? आणि उत्तर ठरलेले असते. धैर्य, मातृप्रेम, आज्ञाधारकपणा. ज्या पुस्तकाने क्रियापदांनी शिकविले, त्याची शाळेने पुन्हा नामे केली. श्यामला उडी टाकण्यापूर्वी काय वाटले, मार खाताना आईविषयी काय वाटले, संध्याकाळी काय वाटले, आणि या तीन वाटण्यांत फरक काय, हे प्रश्न विचारले जात नाहीत.

त्याचबरोबर पुस्तकाची मर्यादाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. त्यात समजूत नेहमी वरून खाली येते. आई सांगते, मुलगा स्वीकारतो. मुलाला आईचा राग आला तर तो शेवटी पश्चात्तापात विरघळतो. तो राग न्याय्य होता की काय, याची चौकशी क्वचितच होते. मुलाच्या रागालाही काही म्हणणे असू शकते, ही कल्पना त्या पुस्तकाच्या काळाला फारशी परिचित नव्हती.

५

शाळेला तरी ती परिचित आहे काय? येथे पुन्हा एका क्रियापदाची साक्ष उपयोगी पडते. ‘बाई मला रागावल्या’ हे वाक्य मराठी शाळेत रोज उच्चारले जाते, आणि त्यात रागावणे याचा अर्थ बोल लावणे, खडसावणे असा आहे. ‘मुलगा बाईंना रागावला’ हे वाक्य व्याकरणात बसते. व्यवहारात ते बसत नाही. बाई रागावतात, मुलाला राग येतो. वडील रागावतात, मुलाला राग येतो. वडीलधाऱ्यांचा राग ही क्रिया आहे आणि तिचा त्यांना अधिकार आहे. लहानाचा राग ही त्याच्यावर आलेली आपत्ती आहे आणि ती त्याने आवरावयाची आहे. मराठी कुटुंबातील व शाळेतील अधिकाराची उतरंड इतक्या स्पष्टपणे दाखविणारे दुसरे क्रियापद क्वचितच असेल.

यावरून भावनिक शिक्षणाच्या प्रचलित योजनेतील एक मोठी पोकळी ध्यानात येते. मुलाने राग आवरण्याच्या पायऱ्या त्यात असतात : श्वास मोजणे, दहा अंक म्हणणे, जागा बदलणे. त्या उपयुक्त आहेत. परंतु ज्या वर्गात एकाचा राग अधिकार म्हणून व्यक्त होतो आणि उरलेल्या साठांचा राग दोष म्हणून दाबला जातो, तेथे मुले पायऱ्या शिकत नाहीत. ती उतरंड शिकतात. ज्याच्या हाती सत्ता येईल त्याने रागवावे, एवढाच धडा त्यांच्या मनावर ठसतो. म्हणून हे शिक्षण शिक्षकापासून सुरू झाले पाहिजे. ‘मला आत्ता राग आला आहे, तो मी तुमच्यावर काढणार नाही’ असे वाक्य शिक्षकाच्या तोंडून वर्गाने वर्षातून एकदा जरी ऐकले, तरी ते तक्त्यापेक्षा अधिक शिकवील.

६

आता भिवंडीचा विचार करावयाचा. यंत्रमागांचे हे गाव भाषांच्या दृष्टीने असाधारण आहे. मूळच्या आगरी, कोळी व कोकणी मुसलमान वस्तीत उत्तर प्रदेशातून आलेले विणकर मिसळले. तेलंगणातून पद्मशाली आले. तालुक्यातील वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे हंगामापुरती येतात व जातात. महानगरपालिकेच्या शाळांत मराठी, उर्दू, तेलुगू, हिंदी अशी माध्यमे आहेत. परिणाम असा की एकाच मागाच्या आवाजात वाढलेली मुले सहाव्या वर्षी निरनिराळ्या दारांतून आत जातात आणि पुढील दहा वर्षे एकमेकांची पुस्तके पाहतही नाहीत.

या मुलांना भावना शिकविण्यासाठी चार निरनिराळ्या पुस्तिका हव्यात, असे प्रथमदर्शनी वाटेल. वाक्यरचना मात्र निराळे सांगते. मराठी मूल ‘मला राग आला’ म्हणते. उर्दू शाळेतले ‘मुझे ग़ुस्सा आया’ म्हणते. तेलुगू घरातले ‘नाकु कोपम् वच्चिंदि’ म्हणते. तिन्ही वाक्यांत व्यक्ती चतुर्थीत आहे, राग प्रथमेत आहे आणि क्रियापद येणे हेच आहे. भोजपुरी बोलणाऱ्या घरात ‘हमरा डर लागत बा’ असे ऐकू येते. तेथेही भय लागते आणि व्यक्ती ते स्वीकारते. तेलुगू द्राविड कुलातील, बाकीच्या आर्य कुलातील. तरी रचना एक. एम. बी. एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे असा सिद्धान्त मांडला, आणि कॉलिन मसिका यांनी १९७६ मध्ये त्या क्षेत्राच्या लक्षणांत या चतुर्थीयुक्त रचनेची गणना केली. पुस्तकातला हा सिद्धान्त भिवंडीच्या कोणत्याही नाक्यावर कानांनी पडताळून पाहता येतो. पुढील क्रियापदेही जुळतात. मराठीत राग गिळतात, उर्दूत तो पितात. मराठीत तो दुसऱ्यावर काढतात, उर्दूत उतरवितात. मराठीत रुसतात व समजूत काढतात, उर्दूत रूठतात व मनवितात. गावाची लिपी वेगळी, शाळा वेगळी, प्रार्थना वेगळी. भावनेचे व्याकरण मात्र सामायिक आहे. आणि ज्या तक्त्यावरील वाक्य यांपैकी कोणाचेच नाही, तो तक्ता मात्र सर्वांना सारखाच दिला जातो.

या गोष्टीचे महत्त्व भिवंडीच्या इतिहासामुळे वाढते. मे १९७० मध्ये या गावी भीषण दंगल झाली. भिवंडी, जळगाव व महाड येथील घटनांच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमावा लागला. मे १९८४ मध्ये गाव पुन्हा पेटले. त्यानंतर १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतील सामान्य माणसे व पोलीस त्यांत नियमितपणे एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली. या शांततेची कारणे अनेक असतील, परंतु त्या समित्यांचा वाटा मोठा होता हे सामान्यतः मान्य केले जाते.

मोहल्ला समितीत जे घडले, त्याचे भाषिक स्वरूप काय? येथे ‘वाटणे’ या क्रियापदाकडे वळणे आवश्यक आहे. ‘मला भीती वाटते’ यात वाटणे म्हणजे भावना. ‘मला वाटते, ते आज रात्री येणार’ यात वाटणे म्हणजे तर्क. दोन्ही वाक्यांत व्यक्ती चतुर्थीतच आहे, आणि दोहोंचे रूप इतके सारखे आहे की पहिले वाक्य दुसऱ्यात केव्हा बदलले हे बोलणाऱ्यालाही कळत नाही. उर्दू-हिंदीतील ‘लगना’ याचीही तीच गत : ‘डर लगता है’ आणि ‘लगता है कि वो आएँगे’. अफवेचा जन्म या सांध्यात होतो. भीती वाटते, म्हणून ते येणार असे वाटते, आणि तिसऱ्या तोंडी ‘वाटते’ गळून ‘येणार’ एवढेच उरते. समितीत समोरासमोर बसल्यावर ही शृंखला उलट्या दिशेने उकलावी लागते : येणार हे कोणी पाहिले? कोणी ऐकले? की तसे वाटले? आणि वाटले ते कशाची भीती होती म्हणून? त्या क्षणी समोरचाही म्हणतो की भीती आम्हालाही वाटते. दोन्ही वाक्ये एकाच रचनेची आहेत, आणि ऐकणाऱ्याला त्यांचे भाषांतर लागत नाही.

प्रौढांना जे इतक्या किमतीनंतर शिकावे लागले, ते दहा वर्षांच्या मुलाला वर्गात शिकविता येईल. वाटणे, समजणे, पाहणे, ऐकणे व माहीत असणे या पाच क्रियापदांतील भेद हा मराठीच्या तासाचा विषय आहे. त्यासाठी स्वतंत्र तासिका लागत नाही. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. उर्दू किंवा तेलुगू माध्यमाच्या मुलाला मराठीचा पहिला पाठ म्हणून फळे व पक्षी यांची नावे देण्याऐवजी ‘मला भूक लागली’, ‘मला भीती वाटते’, ‘मला राग आला’ ही वाक्ये दिली, तर परकी म्हणून समोर आलेली भाषा आपल्याच घरच्या साच्याची आहे हे त्याला पहिल्याच दिवशी कळेल. आणि मराठी माध्यमाच्या मुलाला तीच वाक्ये शेजाऱ्याच्या भाषेत ऐकविली, तर शेजाऱ्याला भीती वाटते ही गोष्ट प्रथमच त्याच्या कानांवर पडेल.

७

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, भावनेला नाव दिल्याने ती सौम्य होते, हे आता प्रयोगांनी दिसून आले आहे. मॅथ्यू लीबरमन व सहकारी यांचे २००७ मधील संशोधन या संदर्भात नेहमी उल्लेखिले जाते. मग नामांना विरोध का? विरोध नाव देण्याला नाही. नाव देणे म्हणजे यादीतून शब्द उचलणे, या समजुतीला आहे. मुलाने आपल्या भावनेला दिलेले नाव त्याच्या जिभेवर आधीपासून असले पाहिजे, आणि ते पूर्ण वाक्यात आले पाहिजे : कोणाला, कशाचा, केव्हा, आणि मग काय केले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. व्याकरणावरून मनाविषयी अनुमान काढणे धोक्याचे असते. चतुर्थीतील माणूस हा निष्क्रिय असतो आणि प्रथमेतील इंग्रज जबाबदार असतो, असे कोणी म्हटले तर ते हास्यास्पद ठरेल. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. व्याकरण विचाराला बांधून ठेवीत नाही. परंतु ते विचाराला हाताशी साधने देते. आणि शिक्षणाचा प्रश्न साधनांचा आहे. मुलाच्या हाती असलेले साधन काढून घेऊन दुसरे, अपरिचित साधन देण्यापूर्वी पहिल्याची परीक्षा तरी झाली पाहिजे.

अशी परीक्षा याच टापूत एकदा झालेली आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बालशिक्षणाचे जे काम केले, त्यात शाळाच मुलांच्या अंगणात नेली गेली व अंगणवाडी हा शब्द रूढ झाला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मुलाला शाळेत आणण्यापूर्वी शाळेने मुलाकडे जावे, हे त्या कामाचे सूत्र होते. जागेच्या बाबतीत जे सूत्र त्यांनी पाळले, तेच भावनेच्या भाषेच्या बाबतीत अद्याप पाळावयाचे आहे.

यासाठी प्रथम लागणारे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले आहे. भिवंडीतील निरनिराळ्या माध्यमांची व वीटभट्ट्यांवरील मुले राग, भय, लाज, हेवा व दुःख यांविषयी प्रत्यक्षात कोणती क्रियापदे वापरतात, कोणाजवळ वापरतात आणि कोणाजवळ टाळतात, याची शास्त्रशुद्ध नोंद झाली पाहिजे. आगरी, कोकणी मुसलमानी व कातकरी बोलींतील शब्द त्यात आले पाहिजेत, कारण पाठ्यपुस्तकात त्यांना कोठेच जागा नाही. ती नोंद हाती आल्यावर तक्ते करावेत, पुस्तिका लिहाव्यात, शिक्षकांचे वर्ग घ्यावेत. तोवर भिवंडीच्या वर्गात ‘मी दुःखी आहे’ हे वाक्य फळ्यावरून वहीत उतरविले जाईल, त्याला गुण मिळतील, आणि मधल्या सुट्टीत ज्याला खरोखर रडू येत असेल ते मूल ते कोणालाही न सांगता नळावर जाऊन तोंड धुऊन येईल.